सरकारची लाह

आमच्या घरात कुणी "हे खरं तर सरकारने करायला हवं" असं म्हणालं, की मी हळूच उठून ओट्यावर जातो. सुनांना वाटतं, म्हाताऱ्याला राजकारणाचा कंटाळा आहे. नातवंडांना वाटतं, आजोबा सरकारी नोकरीत होते म्हणून सरकारची निंदा त्यांना सोसत नाही. दोघांचाही अंदाज चुकलेला आहे. राजकारणाचा मला एके काळी इतका नाद होता, की वादाच्या भरात जेवायची शुद्ध राहत नसे. आणि सरकारची निंदा मी स्वतः पेन्शन खात खात रोज करतो. मी उठतो तो कुंडीपाड्याच्या वेस्ता पाटलामुळे. त्याची आठवण झाली की मला माणसांत बसवत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोनेक वर्षं आधी मी सातपुड्यातल्या एका लहानशा कचेरीत कारकून म्हणून लागलो. कचेरीचं नाव सांगत नाही. तिथे पुढे चांगली माणसंही आली असतील. मी मूळचा म्हसावदचा. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि वर पुण्याला जाऊन राज्यशास्त्र शिकून आलेला. आमच्या आळीत हे शास्त्र तोवर कुणी ऐकलंही नव्हतं. आईने विचारलं होतं, "हाई शिकीसन काय व्हस?" मी म्हटलं, "राज्य कसं चालवायचं ते समजतं." ती म्हणाली, "मंग तुन्हा बापले शिकाड. त्यानं घरमा कोनी आयकत नही." असा मी, ट्रंकभर पुस्तकं घोड्यावर लादून डोंगर चढलो. डोंगरातल्या लोकांचं भलं करायचं होतं. ते कुठून सुरू करायचं, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडत नव्हतं.

वेस्ता मला पहिल्याच बाजारच्या दिवशी भेटला. किडकिडीत, लांब पायांचा, पन्नाशीचा, पावरा जमातीचा. कमरेला लंगोटी आणि अंगात कुणा जंगलसाहेबाने टाकून दिलेलं बिनगुंड्यांचं जाकीट. हसताना तोंडावर हात धरायचा, जणू हसणं ही खाजगी बाब आहे. गावचा पोलीस पाटील असल्यामुळे आठवड्याला कचेरीत हजेरी देणं त्याला भाग होतं. पण आत कधी बसायचा नाही. उंबऱ्यावर उकिडवा बसायचा, एक पाय आत, एक पाय बाहेर. आमच्या धनजी शिपायाने एकदा हटकलं, तर म्हणाला, "हाऊ पाय सरकारना, हाऊ पाय गावना." आणि पाय बदलून बसला.

त्याच्या बोलीत अहो-जाहो नाही. बाजारात शिकलेली अहिराणी तो बोले, तीही सगळ्यांना तू म्हणत. साहेबालाही तू, मलाही तू. मला भाऊसाहेब म्हणायचा, पण पुढे लगेच तू. आम्ही त्याला वेस्त्या म्हणायचो. तो आम्हाला तू म्हणायचा ते त्याच्या भाषेमुळे. आम्ही त्याला वेस्त्या म्हणायचो ते आमच्या मस्तीमुळे. हा फरक मला तेव्हा दिसला नव्हता.

मी त्याला विचारलं होतं, "तुमच्या गावात पाटलाचं काम काय?" पावरा, भिल्ल समाज कसा चालतो यावर टिपण करावं असं माझ्या मनात होतं. तो म्हणाला, "सरकार चिडनं तं शिव्या खावाले गावले एक माणूस जोयजे. तो मी शे."

"आणि गावात भांडण झालं तर निवाडा तूच करतोस ना?"

"मी कसाले करू? पंच बठतस. दोन्ही गडी हां म्हनतस तवलग उठाना नही. कधी एक दिन, कधी तीन दिन."

"आणि चौथ्या दिवशीही नाहीच म्हणाले तर?"

"भूक लागस ना भाऊसाहेब," तो म्हणाला.

मी टिपणात लिहिलं: 'राज्यसंस्थेची प्राथमिक अवस्था.'

गावातला जन्म-मृत्यू कळवणं हेही त्याचं काम. बाकीचे पाटील नाव आणि रोग सांगून मोकळे होत. वेस्ता माणूस सांगायचा. एकदा जामली नावाची बाई गेली. वेस्ता उंबऱ्यावर बसून सांगू लागला, "जामली मरी गयी. ती गानं म्हने तं मोहाखाल बाया फुलं येचानं इसरी जायेत. तिना हातनी भाकर पातय व्हये. लिख." मी रजिस्टरात लिहिलं: स्त्री, वय अंदाजे चाळीस, ताप. "लिखं का?" "लिहिलं." "वाची दखाड." आणि मी रजिस्टर समोर धरून वाचून दाखवलं, गाणं, मोहाखालच्या बाया, पातळ भाकरी, सगळं. अक्षरावरून बोटही फिरवलं. त्याने मान डोलावली. "आते सरकारले मालूम व्हयनं," म्हणाला, आणि समाधानाने बाजारात निघून गेला.

हे मी दर आठवड्याला करत असे. नुसतं करत नव्हतो. संध्याकाळी इतर कारकुनांना नक्कल करून दाखवत असे आणि ते पोट धरून हसत. आज मला ते हसणं ऐकू आलं की कानशिलं तापतात.

बाजारच्या दिवशी दुपारनंतर सूरजमलशेठच्या दुकानाच्या ओट्यावर आमची सभा भरे. शेठजींचे आजोबा मारवाडातून आलेले. मीठ, कापड, गूळ असा सगळा डोंगर त्यांच्याकडून चालायचा. ते गादीवर. आमचे साहेब खुर्चीवर. डोंगरात शाळा काढायला आलेले खादीवाले गुरुजी चटईवर, आणि मी वरच्या पायरीवर, म्हणजे कारकुनाने बसावं तिथे. प्रांतात तेव्हा आपल्याच लोकांचं मंत्रिमंडळ आलेलं होतं, त्यामुळे खादीशेजारी बसल्याने साहेबाची नोकरी जात नव्हती. विषय एकच: सरकार कशासाठी असावं.

साहेब म्हणायचे, सरकार म्हणजे शेताचा राखणदार. चोर आला तर आरडाओरडा करावा, डुक्कर आलं तर धोंडा मारावा. राखणदाराने नांगराला हात लावू नये. शेठजी म्हणायचे, "राखणदारबी जरा दूर बसी तं बरं, साहेब. भाव बाजार ठरावस. सरकारनी रस्ता ठेवा अन् बाजूले व्हवा." गुरुजींचा आवाज मऊ, पण मत कडक. ज्या गावाला सरकारची गरज पडते ते गाव आजारी समजावं, असं ते म्हणत. गावाने आपलं आपण पाहावं. सरकार जितकं कमी तितका माणूस मोठा. आणि मग मी बोलायचो. सरकार म्हणजे आईबाप! भूक, रोग, अज्ञान कुणी निवारायचं? शेठजींनी? जमीन सरकारची, जंगल सरकारचं, कारखाने सरकारचे झाले पाहिजेत आणि प्रत्येकाच्या ताटात सरकारने वाढलं पाहिजे. बोलता बोलता मी उभा राहायचो. शेठजी गूळ-शेंगदाणे मागवायचे.

वेस्ता खालच्या पायरीवर मिठाचं गाठोडं मांडीत घेऊन ऐकत असे. एकदा साहेबांनी गंमत म्हणून विचारलं, "काय रे वेस्त्या, तुला कसलं सरकार पाहिजे?"

वेस्ताने मांडीतलं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "साहेब, तुन्हं सरकार जेवाले कोठे बठस?"

सगळे हसले. तो हसला नाही. "आमना डोंगरमा जो कामले हाक मारस तो संगे जेवाले बठस. हाक मारस अन् जेवाले दुसरीकडे जास, असा माणूस आम्हले माहीत नही. म्हनीसन इचारं."

"वा! यालाच म्हणतात ग्रामराज्य," गुरुजी म्हणाले. "यालाच म्हणतात अडाणीपणा," साहेब म्हणाले. मला वाटलं, हा माझ्याच बाजूचा आहे. फक्त त्याला ते समजावून सांगायला हवं.

त्या वर्षी पावसाळ्यात कुंडीपाड्याची वाट नाल्याजवळ ढासळली. माणूस कसाबसा झाडाची मुळं धरून जायचा. घोडं जात नव्हतं. हिवाळ्यात देवीडॉक्टर, म्हणजे देवीची लस टोचणारा, तिथपर्यंत जाऊन परत आला. घोड्याशिवाय चढणार नाही म्हणाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या अंगाच्या पाड्यांवर देवी आल्या आणि वेस्ता उंबऱ्यावर बसून एका दमात पाच लेकरं सांगून गेला. त्या दिवशी मी खरंच सगळं लिहून घेतलं. रजिस्टरात नाही, पण एका कागदावर. आणि वाटेच्या दुरुस्तीसाठी वर मागणी केली. उत्तर आलं, यंदा तरतूद नाही.

माझ्या आईबाप सरकारला तरतूद नव्हती. मी चिडलो, आणि चिडलेल्या माणसाला सुचते तशी मला एक युक्ती सुचली. लाह.

लाह म्हणजे काय ते गुरुजींनी मला कौतुकाने सांगितलं होतं. एखाद्याला घर उभारायचं असलं, शेत निंदायचं असलं आणि एकट्याने होण्यासारखं नसलं, की तो घरोघर जाऊन हाक देतो. घरटी एक माणूस येतो, ढोल येतो, काम उरकतं. मजुरी नाही. हाक देणारा जेवायला घालतो आणि सगळ्यांबरोबर जेवतो. पुढे ज्याच्या ज्याच्या घरी लाह होईल तिथे त्याने आपली पाळी फेडायला जायचं. न गेला तर त्याच्या हाकेला पुन्हा कुणी येत नाही. शिक्षा काय ती एवढीच.

मी वेस्ताला म्हटलं, "वाटेसाठी लाह बोलाव."

"कोनी लाह?"

"सरकारची."

तो उंबऱ्यावरून उठला, अंगणात जाऊन बसला आणि मग बाजाराकडे निघून गेला. पुढच्या बाजारी आला. "सरकार घर घर हाक माराले जाई?"

"मी येईन की."

"पंगतमा बठी?"

"बसेन."

"पाळी फेडाले यी? चाळीस घर शेतस."

"येईल रे."

"सरकार मोठं शे. डोंगर चढी का?"

"वेस्ता, अरे मीच सरकार!" मी छातीवर हात मारून म्हणालो. त्याने मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि तोंडावर हात धरला. "मंग भलतं बारीक सरकार शे," म्हणाला.

दोन दिवस दुपारी आम्ही घरोघर फिरलो. हाकेचं एक वाक्य त्याने मला पावरी बोलीत शिकवलं होतं. मी ते असं काही म्हणायचो की बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. माझं झालं की वेस्ता आपलं एक वाक्य जोडायचा. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर मी विचारलं, तू मागून काय सांगतोस? तो म्हणाला, "तुले कोनी वळखत नही ना. म्हनीसन सांगस, सरकार पाळी फेडाले उनं नही तं माले धरा."

"तशी वेळ येणार नाही," मी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

लाह दोन दिवस चालली. असं काम मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत कुठे पाहिलं नाही. दगड वाहणाऱ्यांची रांग, मागे ढोल, बायांचं गाणं, नाल्यात उतरलेली पोरं, आणि वेस्ता सगळ्यांच्या खाली, पाण्यात उभा राहून पायाचा धोंडा बसवणारा. कुणी कुणाला हुकूम करत नव्हतं. मी मधे मधे सूचना करत होतो. लोक ऐकून घेत आणि पुढे जे करायचं तेच करत. दुसऱ्या दिवशी दुपारी घोडं पलीकडे गेलं तेव्हा मी धनजीला मिठी मारली.

जेवणाचा खर्च मी माझ्याकडून केला होता. पळसाच्या पानांची लांब पंगत पडली. वेस्ताने माझं पान आपल्या शेजारी मांडलं. मी बसणार, एवढ्यात तालुक्याचे ओव्हरसियर झालेली वाट तपासायला घोड्यावरून आले. सावलीत घोडं थांबवून हसत म्हणाले, "काय हो, इथेच बाटणार वाटतं?"

नुसती थट्टा होती. पण ट्रंकभर पुस्तकं वाचलेला, जंगल आणि कारखाने सरकारच्या मालकीचे करायला निघालेला मी, त्या एका वाक्याने पानावरून मागे सरलो. "पोट जरा बरं नाही," म्हणालो.

वेस्ताने माझ्याकडे पाहिलं, ओव्हरसियरकडे पाहिलं, आणि पंगतीला काहीतरी मोठ्याने सांगितलं. सगळे हसले. धनजीने मला अर्थ सांगितला: सरकारचं पोट दुखतंय. एका म्हातारीला सरकारची खरंच दया आली. ती उठून झाडीत गेली, कसलीशी मुळी घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ती जहरासारखी कडू मुळी मी चाळीस घरांच्या देखत चावून गिळली. ओव्हरसियर हसून हसून घोड्यावरून पडायचे राहिले. सगळ्यांची जेवणं झाली, तसं वेस्ताने माझं पान आपल्यापुढे ओढलं आणि भरल्या पोटी तेही संपवलं. सरकार जेवलं, असं त्याने म्हातारीला सांगितलं म्हणे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय त्याकडे येतो. इथवरचं लाजिरवाणं आहे, पण त्याच्यावर हसता येतं. पुढच्यावर मला कधी हसता आलं नाही.

कामाचा अहवाल मी लिहिला. माझी भाषा चांगली होती आणि मला ते माहीत होतं. डोंगरातल्या लोकांची साहेबांकडून, त्यांच्याही वरून वाहवा व्हावी म्हणून मी लिहिलं: 'येथील लोकांत सार्वजनिक कामासाठी विनामोबदला श्रम देण्याची पूर्वापार वहिवाट आहे.' हाक, पंगत, पाळी, यातलं काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सरकारने पाळी फेडायचं कबूल केलंय हेही लिहावं लागलं असतं, आणि साहेबांनी मला वेड्यात काढलं असतं. साहेबांनी अहवाल वाचून शाबासकी दिली. तालुक्याला बढतीसाठी माझं नाव कळवलं.

पुढच्या दिवाळीनंतर हुकूम आला. जंगलबंगल्याचा रस्ता करायचा होता. कुंडीपाडा आणि आसपासच्या गावांनी 'पूर्वापार वहिवाटीप्रमाणे' दरसाल घरटी एक माणूस विनामजुरी द्यावा. जे आले नाहीत त्यांच्या कुऱ्हाडी जप्त होऊ लागल्या. कुऱ्हाडीशिवाय पावऱ्याचं घर म्हणजे चुलीशिवायचं घर. त्या कुऱ्हाडी आणून आमच्या कचेरीच्या कोपऱ्यात टाकत. माझ्या टेबलावरून दिसायच्या.

वेस्ता हुकुमाचा कागद घेऊन आला. "वाच," म्हणाला. या वेळी मी जे होतं तेच वाचलं.

"आमनी वहिवाट शे, हाई सरकारले कोनी सांगं?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

"वर कोन शे?"

मी हात वर केला. त्याने छताकडे पाहिलं. छतात कौलं होती. ती तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पहिली पाळी फेडी नही, अन् सरकार दुसरी लाह बोलावस? तीबी कुऱ्हाडी लीसन? भाऊसाहेब, त्याले लाज नही का?"

जुलूम, शोषण, असे शब्द माझ्याकडे होते, त्याच्याकडे नव्हते. त्याला तो असभ्यपणा वाटला होता. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं की ज्याला लाज नाही तो समोर बसलाय, दौत त्याचीच होती. मी कागदाची घडी करून त्याला परत दिली. तो गेल्यावर मी उठून साहेबांच्या दारापर्यंत गेलो. अहवालात चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. आत साहेब कुणाशी तरी हसत बोलत होते. बढतीचा कागद यायचा होता. मी दारातून परत फिरलो. लोकांना हे सांगताना मी पूर्वी म्हणायचो की साहेब कामात होते. ते कामात नव्हते.

ओट्यावर त्या आठवड्यात फार रंगलं. साहेब म्हणाले, तरी मी सांगत होतो, राखणदाराने नांगराला हात लावू नये. गुरुजी म्हणाले, सरकार शिरलं की लाहेची वेठ होते, हे सिद्धच झालं. शेठजी म्हणाले, "झायं ते वाईट झायं. पन रस्ता व्हयना तं मालनी गाडी चढी." आणि मी, देवा, मी म्हणालो की खरं लोकांचं सरकार आलं म्हणजे असं होणार नाही. चौघांची चारही मतं त्या प्रकरणाने पक्की झाली. कुंडीपाड्याला चौघांतला एकही चढला नाही. उंटावरून शेळ्या हाकायला आम्हाला एक नवी शेळी मिळाली, इतकंच.

काठी गावची होळी पाहून पाडे आपापल्या घरी परतले, आणि वेस्ता आला तो हसत. मुलाचं लग्न झालं होतं, त्याचं वेगळं घर उभारायचं होतं. "परवा मन्ही लाह शे, भाऊसाहेब. सरकारनी पाळी. ये."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. तपासणी होती असं मी पुढे सांगितलं. तपासणी नंतरच्या आठवड्यात होती. कचेरीच्या कोपऱ्यात ज्यांच्या कुऱ्हाडी पडल्या होत्या, त्या माणसांसमोर उभं राहायची मला भीती वाटली. आणि ती मारतील याची भीती नव्हती; हसून माझं पान मांडतील, याची होती.

काय झालं ते धनजीने सांगितलं. वेस्ताच्या लाहेला त्याचे दोन भाऊ आले. बाकीचे लोक आले, पण बांधावर उभे राहिले. आधी सरकारची पाळी फिटू दे, म्हणाले. पंच बसले, दोन दिवस बसले. कुणी आवाज चढवला नाही. पंचांनी वेस्ताला मार्ग दाखवला: म्हण, त्या कारकुनाने मला फसवलं, म्हणजे तू सुटलास. वेस्ता म्हणाला, फसवलं नाही. त्याचं पोट दुखतंय. बरं झालं की येईल.

"आणि मग?" मी विचारलं.

धनजी माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मंग काय? त्यानी सांगं, हाक मी मारी, सरकारनी पाळी मी फेडसू. चाळीस घर. घर घर जाईसन काम करी ऱ्हायना. पोऱ्यानं घर तसंच पडेल शे, नुसता खांब."

त्यानंतर वेस्ता कचेरीत हजेरीला यायचा, पण घाईत असायचा. गेलेल्या माणसांची नावं आणि रोग सांगायचा. जास्त काही सांगत नसे. वाचून दाखव म्हणत नसे. मला एकदाही पाळीबद्दल विचारलं नाही. त्याने विचारलं असतं, शिवी दिली असती, तर मी कदाचित आज घरातून उठून जात नसतो.

पावसाळ्याआधी माझी बढती आली. धडगावच्या वाटेने खाली उतरायचं होतं. एका घोड्यावर ट्रंक, एका घोड्यावर मी, आणि लगाम धरून धनजी. सकाळचं कोवळं ऊन होतं. नाल्यापलीकडच्या उतारावर कुणाच्या तरी शेताला दगडी बांध घालणं चाललं होतं. एक बाई दगड वेचून देत होती आणि एक माणूस ते रचत होता. पाठ पाहिली आणि मी ओळखलं. जाकीट काढून बांधावर ठेवलेलं होतं. वर्षभरात तो फार वाळला होता. मोठा धोंडा तो पोटाशी धरून, मधे एकदा खाली टेकवून नेत होता.

आम्हाला पाहून बाई सरळ उभी राहिली आणि काही विचारलं. मी धनजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "ती इचारस, तुम्ही लाहले उनात का? उनात तं उतरा. एक जन कमी पडस."

घोडं थांबलेलं होतं. आम्ही लाहेला आलोत का, याच्या उत्तराची बाई वाट पाहत होती. माझ्या अंगावर तालुक्याला रुजू व्हायचे परीटघडीचे कपडे होते. उतरावं असं मला वाटलं. खरंच वाटलं, आणि रिकिबीतला पाय मी सैलही केला.

वेस्ताने धोंडा जागेवर बसवला, तळहात मांडीला पुसले आणि माझ्याकडे पाहून नेहमीसारखी मान हलवली. मग धनजीला म्हणाला, "भाऊसाहेबले लई जा. त्याले उशीर व्हस. त्यानी जागावर मी शे."

धनजीने लगाम ओढला. मी पाय पुन्हा रिकिबीत घातला.